बेबीताईंनी मला ऊन दाखवलं

या मित्रांनो, जवळ या. पुढे सतरंजीवर पुष्कळ जागा आहे, मागे भिंतीला टेकून बसू नका. कीर्तनाला बसतात तशी मांडी घाला आणि कान इकडे द्या. मी तुम्हाला एक गोष्ट सांगतो. तिच्यात राजा नाही की राक्षस नाही. रेल्वेचा एक डबा आहे, तीन माणसं आहेत आणि तुळशीच्या पानाएवढा एक डाग आहे.

मी एक जुना हेडसेट आहे. डोक्याभोवती पट्टा आणि डोळ्यांपुढे चष्म्यासारखा, पण चष्म्याहून कितीतरी जाड, असा माझा आकार. वय विचाराल तर चार वर्षं पुरी झाली. तुम्हाला हसू येईल, पण आमच्या जातीत चार वर्षं म्हणजे म्हातारपणच.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या माणसांनी माझ्या पोटात दोन इवलेसे पडदे बसवले, एकेका डोळ्यासाठी एकेक. प्रत्येक पडद्यापुढे एक भिंग लावलं. बाहेरच्या अंगाला चार कॅमेरे दिले. समोर जे असेल ते कॅमेऱ्यांनी बघायचं आणि आतल्या पडद्यांवर दाखवायचं, हे माझं पहिलं काम. दुसरं काम जास्त गमतीचं. त्या दिसणाऱ्या जगातच मी संगणकाचे पडदे हवेत टांगून देतो. मला घालून तुम्ही स्वयंपाकघरात बसलात तर ओटा दिसेल, शेगडीवर उतू जाणारं दूध दिसेल, आणि त्या ओट्याच्या वर कपाटाच्या दाराएवढे तीन पडदे तरंगताना दिसतील. बाहेरच्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही. त्याला दिसतो तो फक्त डोळे झाकून हवेकडे मान हलवणारा एक शहाणा.

मी जबलपूरला आलो तो नीलिमाच्या घरी. घर तिघांचं. नीलिमा, तिचे वडील शांतारामबुवा आणि बुवांची धाकटी बहीण बेबीताई. बुवांचे वडील वर्ध्याकडून नोकरीसाठी इकडे आले आणि नर्मदेकाठचेच झाले. या घरात आत मराठी बोलतात, रस्त्यावर हिंदी, आणि उंबऱ्यावर दोन्ही.

शांतारामबुवा कीर्तनकार आहेत. वय चौऱ्याहत्तर. जबलपूर, शहपुरा, शिवनी, बालाघाट, जिथं म्हणून चार मराठी घरं आणि एक देऊळ आहे तिथं बुवांचं कीर्तन झालेलं आहे. बेबीताई लोकांच्या साड्यांना फॉल लावून देतात, ब्लाउज शिवतात, आणि घरातल्या एकूण एक देवांची उठबस बघतात. नीलिमा पुण्याच्या एका कंपनीसाठी घरून काम करते. इमारतींचे नकाशे तपासते. जुना नकाशा डावीकडे, नवा मधे, उजवीकडे नोंदी. आणि मग रेघ न् रेघ, आकडा न् आकडा ताडून बघायचा. एक आकडा चुकला तर खांबात लोखंड कमी पडतं. नकाशातली चूक रबरानं खोडता येते, पण उभ्या खांबातली खोडता येत नाही.

घरी तिच्याकडे मोठा मॉनिटर होता. पण प्रवासात तो कुठला नेणार? आणि लॅपटॉपच्या पडद्यावर तीन नकाशे मांडणं म्हणजे एका पाटावर पंगत बसवणं. शिवाय कंपनीचा एक कडक नियम होता. गाडीत, स्टेशनात, चारचौघांत नकाशे उघड्या पडद्यावर ठेवायचे नाहीत; शेजारी बसलेला कोण, काय सांगावं. म्हणून कंपनीनं मला पाठवलं. माझ्या आतलं फक्त नीलिमाला दिसणार. लॅपटॉपचं झाकण तिनं कळफलकापुरतं उघडायचं, त्याचा पडदा काळा ठेवायचा, आणि काम माझ्यात करायचं.

आता तुम्ही विचाराल, नकाशे तपासणाऱ्या बाईला एवढा प्रवास काहून? ते सांगतो, आणि तीच या गोष्टीची नाडी आहे.

कीर्तनात बुवा उभे राहतात, मागे तबला आणि पेटी बसते. पेटीवर नीलिमा बसते. लोकांना वाटतं, मुलगी वडलांना साथ करते. खरी गोष्ट अशी की दोन वर्षांपासून बुवांना पुढचं आठवत नाहीसं झालं आहे. निरूपण ठीक चालतं, आख्यान रंगतं, आणि मधेच पुढचं पद जिभेवरून निसटतं. बुवा अशा वेळी डोळे मिटतात. ऐकणाऱ्यांना वाटतं, भाव दाटून आला. नीलिमा तेवढ्यात पेटीवर पुढच्या पदाचे पहिले दोन-तीन सूर हळूच वाजवते. ते सूर कानी पडले की बुवांना सगळं पद सापडतं आणि ते उचलतात. दुसरा पेटीवाला गळ्याच्या मागून जातो. नीलिमाची पेटी गळ्याच्या पुढे चालते, आणि हे कोणाला कळत नाही. ही गोष्ट तिघांनाच ठाऊक होती. चौथा मी, कारण पेटीच्या खोक्याला टेकूनच माझी पिशवी असते.

म्हणून बुवा जिथं, तिथं नीलिमा. आणि नीलिमा जिथं, तिथं मी.

ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. शहपुऱ्याच्या देवळात कीर्तनाआधी ओवरीत बसून तिनं माझ्यात एका दवाखान्याचे चाळीस नकाशे तपासले. एकदा दुपारी ग्वारीघाटच्या पायऱ्यांवर बसली होती. समोर नर्मदा, आणि नर्मदेवर मी टांगलेले तीन पडदे. एक नाव डावीकडून आली, जिन्याच्या नकाशामागून गेली आणि उजवीकडे निघाली. नावाड्याला त्याचा पत्ताच नाही. नीलिमा घरी येऊन म्हणाली, "बाबा, टेबलावरचा मॉनिटर मी आता डोक्यावर घेऊन हिंडते." बुवा म्हणाले, "अच्छा! मग खाली ठेव आणि भाकरी वाढ."

पण पुण्याला गीतांजली मॅडम होत्या. त्या नीलिमाच्या वरच्या. बाई वाईट नव्हत्या, पण त्यांनाही वर उत्तर द्यावं लागे. कंपनीनं ठरवलं की सगळ्यांनी पुण्यात येऊन काम करावं. नीलिमानं विनंती केली. गीतांजली मॅडम म्हणाल्या, "तीन महिने बघू. तू कुठूनही काम कर, मला अडचण नाही. पण एकही काम वेळेच्या पुढे गेलं, तर जानेवारीपासून तुला पुण्याला यावं लागेल. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

नीलिमा पुण्याला गेली असती तर बुवा उभे राहिले नसते. त्यांनी तसं बोलून दाखवलं नव्हतं. फक्त एकदा पगडी पुसताना म्हणाले होते, "जानेवारीचं आमंत्रण घेऊ का नको, ते ऑक्टोबरनंतर सांगतो म्हटलं मी त्यांना."

ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. ऑक्टोबर आला, नवरात्र बसलं. आता नीट ऐका.

नवमीला या घरी हत्यारांची पूजा असते. हत्यारं म्हणजे तलवारी नव्हेत. बेबीताईंनी पाट मांडला आणि त्यावर शिवणयंत्राची कात्री, विळी, बुवांच्या झांजा, स्कूटरची किल्ली असं सगळं ओळीनं ठेवलं. पेटीला फूल वाहिलं. मग त्या माझ्याकडे वळल्या. त्या मला पहिल्या दिवसापासून मुखवटा म्हणत. त्यांच्या कपाटात महालक्ष्म्यांचे दोन पितळी मुखवटे मऊ कापडात गुंडाळून ठेवलेले असतात, आणि मीही मऊ कापडात गुंडाळलेला असे. मग मला वेगळा न्याय कसा लागणार? त्यांनी मला पाटावर बसवलं, अनामिका ओली केली आणि माझ्या कपाळावर हळद-कुंकू लावलं. मला कपाळ नाही. जिथं लावलं तिथं कॅमेरे आहेत.

दशमीला सकाळी नीलिमा आणि बुवा ओळखीच्या घरी सोनं द्यायला गेले. बेबीताईंच्या लक्षात आलं की कुंकू माझ्या भोकाभोकांत गेलं आहे. नीलू ओरडेल, म्हणून त्यांनी ओलं फडकं घेतलं आणि मला बाहेरून पुसलं. हात फिरलाच आहे तर आतून का नको, म्हणून भिंगंही पुसली. ओलावा राहिला. पितळी मुखवटे धुतल्यावर त्या काय करतात? गच्चीवर उन्हात ठेवतात. त्यांनी मला गच्चीवर नेलं. दिवाळीच्या चकल्यांसाठी धुतलेले गहू तिथं चादरीवर पसरलेले होते. त्यांच्या शेजारी, तोंड वर करून, त्यांनी मला ठेवलं. भिंगं सूर्याकडे.

भिंगानं कागद जाळायचा खेळ तुम्ही कधीतरी खेळलाच असाल. माझ्या पोटात तोच खेळ झाला. डाव्या भिंगावर कठड्याची सावली होती, तिकडचा पडदा वाचला. उजव्या भिंगानं ऊन गोळा केलं आणि आतल्या पडद्यावर टोचलं. सूर्य सरकत गेला तसा तो टोचा सरकत गेला. दुखलं का म्हणाल तर मला दुखत नाही. पण त्या दिवसापासून माझ्या उजव्या डोळ्यात तुळशीच्या पानाएवढा तपकिरी डाग आहे, आणि तो जन्माचा आहे.

दुपारी त्यांनी मला खाली आणलं, कोरड्या कापडात गुंडाळलं आणि पिशवीत ठेवलं. मी बाहेरून लख्ख दिसत होतो.

एकादशीला बालाघाटला संध्याकाळी सातला कीर्तन होतं. त्याच दिवशी दुपारी तीनला नीलिमाला एका शाळेच्या इमारतीचे शेवटचे आठ नकाशे पाठवायचे होते. तीन महिन्यांतलं हे शेवटचं काम. गाडीत चार तास मिळणार होते, म्हणजे वेळ भरपूर होता. तिघं डब्यात चढली. बुवा खिडकीशी, मधे नीलिमा, पलीकडे बेबीताई. त्यांच्या मांडीवर एक जांभळी साडी आणि सुईदोरा. पायाशी पेटी. समोरच्या बाकावर एक हिंदी बोलणारे गृहस्थ पेपर वाचत होते.

गाडी सुटली. नीलिमानं मला डोक्यावर चढवलं, पडदे टांगले आणि पहिला नकाशा उघडला.

"नकाशावर काहीतरी सांडलंय," ती म्हणाली. दुसरा उघडला. डाग तिथंही. मान डावीकडे वळवली, डाग बरोबर आला. उजवीकडे वळवली, तिकडेही आला. मग तिनं मला काढलं आणि आत डोकावून पाहिलं.

"आत्या, याला कोणी हात लावला होता?"

"मला काय माहीत, बाई," बेबीताई साडीतून मान वर न करता म्हणाल्या. "मी आपली फॉल लावून राहिली."

"बाबा?"

"मी त्याला भितो. मी काहून हात लावू?"

तेवढ्यात पूल आला. नर्मदेचा पूल आला की डब्यात आवाज बदलतो. समोरच्या गृहस्थांनी पेपर खाली ठेवला, कोणीतरी नाणं टाकलं, "नर्मदे हर" म्हणत सगळ्यांनी हात जोडले. बुवांनी जोडले, नीलिमानं जोडले, बेबीताईंनीही जोडले. पूल संपला. सगळ्यांचे हात खाली आले, बेबीताईंचे आले नाहीत.

"नीलू," त्या म्हणाल्या, "मैयाच्या अंगावरून मी तोंडात खोटं धरून गेली. मीच हात लावला वं."

"काय केलं आत्या?"

"नवमीला कुंकू लावलं. ते आत गेलं. मग काल धुतलं."

"धुतलं?"

"बुडवून नाही! ओल्या फडक्यानं. मग गच्चीवर ठेवलं, गव्हाजवळ. महालक्ष्मीचे मुखवटे नाही का ठेवत आपण?"

"किती वेळ?"

"गहू वाळेतोवर."

बुवांनी घसा खाकरला आणि विचारलं, "बेबी, गहू तरी वाळले का?"

"दादा, तू गप बस," बेबीताई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाबा, हसण्यावारी नेऊ नका," नीलिमा म्हणाली. "डावा डोळा नकाशा दाखवतो, उजवा डाग दाखवतो. दोन्ही मिळून आकडे नाचतात. तीनला पाठवायचं आहे." तिनं पुण्याला फोन लावला. गीतांजली मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"नीलिमा, साडेतीनला ते लोक समोर बसणार आहेत. मला वेळ वाढवता येत नाही," पलीकडून आवाज आला. "लॅपटॉपवर उघडू नकोस, तो नियम मोडला तर आणखी वाईट. तू परत फिरून घरून करू शकतेस का?"

फोन ठेवल्यावर बुवांनी विचारलं, "घरी मॉनिटर आहे ना?"

"आहे."

"चलो, मग सोपं आहे. पुढच्या स्टेशनवर उतर. मिळेल ती गाडी, जीप, काहीही पकडून परत जा. तुझं काम होऊन जाईल. मी आणि बेबी पुढे जातो."

"आणि पेटी?"

"बालाघाटचा कोणी बसेल."

मित्रांनो, बालाघाटचा कोणीही चांगलीच पेटी वाजवेल, पण बुवांनी डोळे मिटले तर तो वाट बघत बसेल. बुवांना हे माहीत होतं. तरी त्यांनी नीलिमाची चप्पल बाकाखालून पायानं पुढे सरकवून दिली.

नीलिमा उठली. मला पिशवीत घालायला लागली. तेव्हा बेबीताईंनी डोळे पुसले आणि एकदम विचारलं, "डाग दोन्हीकडे आहे का?"

"नाही, उजवीकडेच."

"म्हणजे डावा बरा आहे?"

"बरा आहे. पण एक डोळा मिटून मी तीन तास कशी बसू? आत्ता करून पाहिलं. पापणी फडफडते."

"मिटते काहून? बांध ना! मोतीबिंदू काढला तेव्हा आठ दिवस माझ्या डोळ्यावर पट्टी होती. तरी चौदा साड्यांना फॉल लावले मी. सुई ओवताना तेवढी पंचाईत. टाके एकूण एक सरळ."

"डॉक्टर नाही म्हणाला होता," बुवा म्हणाले.

"डॉक्टरला साड्या द्यायच्या नव्हत्या, मला द्यायच्या होत्या."

नीलिमा उभी होती ती खाली बसली. तिला जे सुचलं ते मला कळलं. सुई ओवायला दोन डोळे लागतात, कारण सुई जवळ की दोरा जवळ हे दोन डोळ्यांशिवाय समजत नाही. पण नकाशा सपाट असतो. सपाट गोष्ट वाचायला एक डोळा पुरतो. दुसऱ्या डोळ्यापुढे पूर्ण अंधार असला तर तो भांडत नाही.

"काळं कापड आहे का, आत्या?"

बेबीताईंच्या पिशवीत काय नसतं! काळ्या अस्तराचा तुकडा निघाला. त्यांनी तो चौपदरी केला, अंगठ्यानं माप घेतलं आणि लहान कात्रीनं गोल कापला. मग तो नीलिमापुढे धरला.

"तूच लाव. मी आता त्याला हात नाही लावत."

"तूच लाव, आत्या. तुझा हात सरळ आहे. काचेला चिकटवू नको, नुसतं कडेला."

"कशानं चिकटवू? डिंक कुठून आणू गाडीत?"

नीलिमानं पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं. बेबीताईंनी चार मरून टिकल्या घेतल्या आणि माझ्या उजव्या भिंगाच्या कडेवर ते काळं कापड चारी बाजूंनी बसवलं. गाडी हलत होती, पण त्यांचा हात हलला नाही. माझ्या अर्ध्या पोटात अंधार झाला. उरलेल्या अर्ध्यात जंगल, खिडकी, पेटी आणि तीन लख्ख पडदे.

ते स्टेशन आलं. गाडी थांबली. नीलिमा उतरली नाही.

समोरच्या गृहस्थांना एवढा वेळ धीर कसा निघाला, कोण जाणे. आता त्यांनी हळूच बुवांना विचारलं, "भैया, बहनजी की आँख का ऑपरेशन हुआ है क्या?"

"नहीं जी," बुवा म्हणाले, "दफ्तर में बैठी है। तीन बजे छुट्टी होगी।"

गृहस्थांनी एकदा बुवांच्या उपरण्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पेपर पुन्हा वर केला.

मग नीलिमानं काम केलं. पहिले दोन नकाशे हळू झाले. तिसऱ्यानंतर डोळा बसला. बेबीताईंनी एकादशीची साबुदाण्याची उसळ डब्यातून काढली आणि चमच्यानं तिच्या तोंडात घातली, कारण हात मोकळा नव्हता. सहाव्या नकाशात, मधल्या पडद्याच्या उजव्या अंगाला, एका खांबात जुन्या नकाशात आठ सळया होत्या आणि नव्यात सहा. तिनं तो आकडा तीनदा वाचला आणि नोंद केली. कापड नसतं तर तो आकडा बरोबर डागाच्या जागी आला असता. ते वर्ग लहान मुलांचे होते. एवढं सांगतो आणि पुढे जातो.

रानात फोनची रेंज जात होती. नैनपूरला गाडी थांबली तेव्हा ती आली, आणि नीलिमानं आठही नकाशे पाठवले. तीनला बारा मिनिटं कमी होती. तिनं मला काढलं. एक डोळा लाल झाला होता आणि गालावर माझ्या कडेचा वळ उठला होता.

"झालं?" बेबीताईंनी विचारलं.

"झालं."

"मग घे, केळं खा."

संध्याकाळी बालाघाटच्या देवळात माणसं खांबापर्यंत बसली होती. बुवांनी पूर्वरंग छान उभा केला. मधे रिवाजाप्रमाणे बुवांना हार घातला, तबल्याला हार, पेटीला हार. सगळ्यांच्या कपाळी बुका लावला. उत्तररंगात आख्यान भरात आलं आणि बुवांनी डोळे मिटले. मी पिशवीत होतो, मला दिसलं नाही. पण झांज थांबली ते मी ऐकलं. एक क्षण गेला. मग पेटीवर तीन सूर आले, फार हळू, जसं कोणी अंधारात पायरी दाखवावी. आणि बुवांचा गळा त्या पायरीवरून वर चढला. देवळात कोणीतरी "वाहवा बुवा" म्हणालं. बायकांच्या मागच्या रांगेतून बेबीताईंनी टाळी धरली, आणि ती साऱ्या देवळात पसरली.

पुढच्या आठवड्यात गीतांजली मॅडमचा फोन आला. त्या सळयांच्या नोंदीबद्दल शाळावाल्यांनी आभार मानले होते. जानेवारीचा विषय मिटला. बुवांनी जानेवारीचं आमंत्रण घेतलं.

मी आणखी एक वर्ष असाच एका डोळ्यानं राबलो. मग माझा पट्टा सैल झाला, चार्जिंग टिकेना. मागच्या महिन्यात नवा हेडसेट आला. तो हलका आहे, त्याला डाग नाही. पहिल्या दिवसांत जसं माझं कौतुक होत होतं तसं आता त्याचं होतं, आणि मी पेटीच्या कपाटात खालच्या फळीवर आहे. यात तक्रार नाही. त्याच्यासाठी बेबीताईंनी जाड काळ्या कापडाची पिशवी शिवली आहे, ऊन शिरायला सुईएवढी जागा नाही.

मित्रांनो, आमच्यासारखी वस्तू तुमच्या घरी असेल तर एवढं करा. भिंगं कोरड्या मऊ कापडानं पुसा, पाणी लावू नका, आणि उन्हात, खिडकीत, गाडीच्या काचेखाली आम्हाला कधी ठेवू नका. पूजा करायची असेल तर फूल शेजारी ठेवा. आणि घरातल्या कोणाकडून मायेपोटी चूक झाली तर ती सांगण्याइतकी जागा त्या माणसाला द्या. ओरडायच्या धाकानं ती लपवावी लागली, तर माझ्यातल्या डागासारखी ती पिशवीत गुंडाळलेली राहते.

एक गोष्ट मात्र माझ्याच्यानं झाली नाही. त्या एकादशीनंतर बेबीताईंनी मला कधी हात लावला नाही. नीलिमानं किती वेळा म्हटलं, "आत्या, दे गं तो हेडसेट उचलून." त्या म्हणत, "तूच घे, बाई," आणि हात पदरात घेत. कपाट झाडताना त्या माझ्या भोवतीनं फडकं फिरवतात. मला जग दाखवता येतं, पडदे टांगता येतात, पण मला तोंड नाही. त्यांनी मला उन्हात ठेवलं ते मला लागलं नाही, आणि त्यांनी कापड लावलं म्हणून एक माणूस अजून कीर्तनाला उभा राहतो, हे मला त्यांना सांगता येत नाही.

तुम्हाला तोंड आहे. कधी कीर्तनाला बसलात तर बुवांना नमस्कार कराल, पेटीलाही कराल. मग एकदा मान वळवून बायकांच्या मागच्या रांगेकडे बघा. तिथं कोणी म्हातारी बाई टाळी धरून बसलेली असेल. तिला हार मिळालेला नसेल. ती बेबीताई नसली तरी चालेल. तिला बघून आमच्या बेबीताईंची आठवण काढा.